जास्तीचे ऊन पान कुठे टाकते?

आमच्या शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, जमिनीचा एक लहानसा तुकडा आहे. शाळेत आमचे काम मराठी शिकवण्याचे. पण बागकामाची हौस आहे असे एकदा बोलून गेलो, आणि तेव्हापासून तो तुकडाही आमच्याच गळ्यात पडला. गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरी मागच्या वऱ्हांड्यात दह्याच्या रिकाम्या डब्यांत वांग्याचे बी पेरले. आपण घरात ज्याला ब्रेंजेल म्हणतो तेच. रोपे छान उगवली. जरा लांबट होती, पण पाने कशी हिरवीगार! जानेवारीच्या अखेरीस मुलांनी वाफे केले, आळी केली आणि एका सकाळी सगळी रोपे उघड्यावर लावली.

चौथ्या दिवशी पानांवर पांढुरके डाग दिसू लागले. आठवड्याअखेर बहुतेक पाने वाळलेल्या कागदासारखी झाली. पाणी दोन्ही वेळा घातले जात होते. कीड नव्हती. मुलांची तोंडे उतरली, काही मुलींनी रडायचेच बाकी ठेवले. त्यातच एका मुलाने विचारले, "गुरुजी, तुम्हीच सांगता ना की ऊन म्हणजे झाडाचे जेवण? मग इतके जेवण मिळाल्यावर झाड मेले कसे?"

आम्ही सवयीने उत्तर दिले, "पाणी कमी पडले असेल." मुलाने वाकून मातीत बोट घातले आणि ओले बोट आम्हाला दाखवले.

वाचकहो, वीस वर्षे आम्ही फळ्यावर तेच चित्र काढत आलो: वर सूर्य, खाली पान, बाजूला कर्बवायू व पाणी यांचे बाण, आणि मग साखर व प्राणवायू. त्या चित्रात सूर्य नेहमी हसरा असतो. जितके ऊन अधिक तितके अन्न अधिक, असाच मुलांचा समज होतो आणि खरे सांगायचे तर आमचाही तोच होता. त्या ओल्या बोटाने आम्हाला पुन्हा पुस्तके उघडायला लावली. जे हाती लागले ते आपल्या बागा, कुंड्या आणि भाजीचे वाफे यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडत आहोत.

पानाला ऊन हवे असते, परंतु सगळे नको असते. वांगी, मिरची, घेवडा यांसारख्या पिकांचे पान भर दुपारच्या उन्हाचा साधारण चौथा ते निम्मा हिस्सा मिळाला की पोटभर जेवलेले असते. त्यापुढे कितीही ऊन पडो, साखर वाढत नाही. सावलीत वाढलेल्या पानाचे तर दहाव्या हिश्श्यातच पोट भरते. ऊस, मका ही मंडळी वेगळी. त्यांची भूक मोठी, आणि आपल्या बेटावरचे ऊन त्यांना मानवते ते त्यामुळेच. पण आपल्या परसातली बहुतेक झाडे उसासारखी नाहीत. आणि आपले ऊन तरी कसले! हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर असतो. आम्ही रोपे लावली ती नेमकी या दुसऱ्या वेळेच्या सुमारास. ब्लॅक रिव्हरकडची बाजू तेव्हा कशी तापते हे तिकडच्या वाचकांना सांगावयास नको.

मग जास्तीचे ऊन जाते कुठे? पान डोळे मिटू शकत नाही. हरितद्रव्यावर प्रकाश पडला की तो शोषला जाणारच.

कूपच्या दिवसांतल्या साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. शेतांतून उसाच्या लॉऱ्या येतात, कारखाना आपल्या गतीने ऊस गाळतो. लॉऱ्या जास्त झाल्या तर फाटकाबाहेर रांग लागते. ऊस थोडा सुकतो, चालक कंटाळतात, पण रांग थांबू शकते. पानात हे जमत नाही. हरितद्रव्याच्या कणाने प्रकाश शोषला की ती शक्ती त्याच्याजवळ एका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. तेवढ्या वेळात ती कामी लागली तर ठीक. नाही तर ती उष्णता होऊन विरते, किंवा लाल चकाकी होऊन बाहेर पडते, किंवा मग जवळच्या प्राणवायूच्या हाती लागते. हा शेवटचा मार्ग घातक आहे. अशी शक्ती मिळालेला प्राणवायू चवताळतो, आणि पेशीतली प्रथिने, स्निग्ध पदार्थ, रंगद्रव्ये, जे समोर येईल ते बिघडवत सुटतो. आमच्या वांग्याच्या पानांवरचे पांढरे डाग हे त्याचेच काम. हरितद्रव्य स्वतःच गोळा केलेल्या प्रकाशाने नष्ट झाले होते.

ती लाल चकाकी घरी पाहता येते. वर्गात दाखवून आम्ही खात्री करून घेतली आहे. ब्रेद मालबार, म्हणजे आजीच्या भाषेत माठ, त्याची हिरवी पाने बारीक कुटून स्पिरिटमध्ये भिजवावी व पाणी गाळून घ्यावे. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा दुकानात मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत त्या हिरव्या पाण्यावर धरावा. पाणी रक्तासारखे लाल दिसते! (स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ मेणबत्ती नको आणि मोठ्या माणसाशिवाय मुलांनी हे करू नये.) कुटलेल्या पानात हरितद्रव्य असते, पण त्याच्याकडून शक्ती घेणारे कोणी उरलेले नसते, म्हणून ती अशी वाया जाते. जिवंत पानात या चकाकीचा वाटा शंभरात एखाद-दुसराच. तेव्हा चकाकीने पानाचा जीव वाचत नाही. खरे काम उष्णतेच्या वाटेचे आहे.

ही वाट पान मुद्दाम उघडते आणि मुद्दाम बंद करते. तेही सूर्याकडे न पाहता.

पानाच्या पेशीत हरितलवक नावाचे हिरवे कण असतात व त्यांच्यात चपट्या पिशव्यांच्या थप्प्या. प्रकाशाचे काम चालू असले की या पिशव्यांत प्रोटॉन भरत जातात, म्हणजे आतला रस आंबट होतो. हे प्रोटॉन बाहेर पडताना एक सूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्यातून साखर करण्यासाठी लागणारे इंधन तयार होते. साखरेचे काम जोरात असले की इंधन खपते, चक्र फिरते, आंबटपणा वाढत नाही. मात्र ऊन जास्त आणि साखरेचे काम तुंबलेले असे झाले की इंधन पडून राहते, चक्र मंदावते आणि पिशव्या फारच आंबट होतात. म्हणजे ऊन किती आहे हे पान मोजत नाही, आपले काम किती तुंबले आहे ते मोजते. आम्हाला यात सर्वांत नवल वाटले ते याचे. तेच ऊन पाणी भरपूर असलेल्या झाडाला पेलते आणि तहानलेल्या झाडाला जड होते, कारण तहानलेले झाड पानांची छिद्रे मिटून घेते, कर्बवायू आत येत नाही आणि साखरेचे काम अडते.

आंबटपणा वाढला की दोन गोष्टी घडतात. पिशव्यांच्या पडद्यात एक लहान प्रथिन बसलेले असते, शास्त्रज्ञ त्याला पी.एस.बी.एस. म्हणतात. त्याला आंबटपणा कळतो आणि ते प्रकाश गोळा करणाऱ्या रंगद्रव्यांची मांडणी बदलवते. हे काही सेकंदांत होते. दुसरी गोष्ट थोडी सावकाश, काही मिनिटांत. व्हायोलाझँथिन नावाचे पिवळे रंगद्रव्य पानात नेहमीच असते. आंबटपणाने जागे झालेले एक विकर क जीवनसत्त्वाच्या मदतीने त्यातला प्राणवायू काढून घेते आणि त्याचे झेयाझँथिन करते. मक्याच्या दाण्याचा पिवळा रंग मुख्यतः याच झेयाझँथिनचा. मक्याच्या शास्त्रीय नावातल्या 'झेया' शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी जो पिवळा ठिपका असतो त्यातही ते असते. ही तयारी झाली की हरितद्रव्याने घेतलेली जादा शक्ती उष्णता होऊन निमूटपणे निघून जाते. भर दुपारी उघड्यावरचे पान शोषलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून अधिक भाग असा टाकून देते. ऊन उतरले, ढग आला, की आंबटपणा कमी होतो आणि दुसरे विकर हळूहळू झेयाझँथिनचे पुन्हा व्हायोलाझँथिन करते. रोज, प्रत्येक हिरव्या पानात.

या उष्णतेने पान भाजत कसे नाही, असे मुलांनी लगेच विचारले. पान उन्हातून तशीही पुष्कळ उष्णता घेत असते, त्यात ही थोडीच भर. आणि पाण्याची वाफ सोडून पान स्वतःला थंड ठेवते, जसे आपण घामाने.

एवढे करूनही नुकसान होतेच. प्रकाशाचे पहिले काम जेथे होते तेथील डी-वन नावाचे प्रथिन कडक उन्हात सतत मोडते आणि झाड ते सतत नवे बसवते. मोडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापुढे गेला की पान खचते. याशिवाय झाडांच्या साध्या युक्त्या आहेतच. घेवड्याची पाने कडक दुपारी उन्हाला कड दाखवून उभी राहतात, ते आपण पाहिले असेल. पेशीच्या आत हरितलवकही कडेच्या भिंतीशी सरकून एकमेकांच्या सावलीत उभे राहतात. आंब्याची आणि लिचीची कोवळी पाने लालसर असतात. तो रंग कोवळ्या पानाची छत्री आहे असे अनेक शास्त्रज्ञ मानतात, काहींना ते पटत नाही. आम्हाला छत्रीचे मत आवडते, पण आवडणे हा पुरावा नव्हे.

हे ज्ञान फार जुने नाही. पानातली पिवळी रंगद्रव्ये उजेडात आणि अंधारात बदलतात, हे रशियात सापोझ्निकोव्ह यांनी १९५७ साली दाखवले. अमेरिकेत हॅरी यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये त्या बदलाचे चक्र मांडले. ते कशासाठी आहे हे मात्र आणखी २५ वर्षे नीट कळले नाही. बार्बरा डेमिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये झेयाझँथिनचा संबंध जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने टाकण्याशी जोडला. आंबटपणा ओळखणाऱ्या प्रथिनाचे काम २००० साली कळले. त्या संशोधनात कृष्णा नियोगी हे नाव ठळक आहे. म्हणजे आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा आमच्या गुरुजींना हे ठाऊक असणे कठीणच होते. आमचे तसे नाही; आमच्यासाठी ते छापून तयार होते.

स्वीडनमधला एक प्रयोग आम्ही वर्गात गोष्टीसारखा सांगतो. मोहरीच्या कुळातले एक लहान रोपटे शास्त्रज्ञांच्या फार कामाचे आहे. त्याची अशी जात घेतली जिला उष्णतेची ही वाट झटपट उघडता येत नाही. खोलीत, एकसारख्या दिव्याखाली, ही रोपे आणि साधी रोपे सारखीच वाढली. फरक शून्य. मग दोन्ही बाहेर मोकळ्यावर लावली, जेथे ऊन-सावलीचा खेळ चालू असतो. तेथे अपंग जातीला बी कमी आले. हे २००२ साली प्रसिद्ध झाले.

आता आमच्या वांग्यांकडे परत येऊ. उन्हात वाढलेले पान आणि सावलीत वाढलेले पान, दोन्ही हिरवीच, पण आतून वेगळी. सावलीतल्या पानाने थोडा प्रकाश हावरेपणाने गोळा करण्यासाठी मोठे जाळे पसरलेले असते. त्या मानाने साखर करणारी यंत्रे थोडी आणि संरक्षण करणारी पिवळी रंगद्रव्येही थोडी. उन्हातल्या पानात नेमके उलट. सावलीतले पान उन्हासाठी तयार होऊ शकते, पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. आणि जून झालेले पान पुष्कळदा तयार होतच नाही, नवे पान यावे लागते. वऱ्हांड्यातली ती हिरवीगार पाने, ज्यांचे आम्ही कौतुक केले, तीच सर्वांत दुबळी होती. त्यात लावताना मुळे तुटलेली, पाणी वर चढत नाही, छिद्रे मिटलेली. मातीत पाणी होते, पानात नव्हते. तेव्हा आमचे "पाणी कमी पडले" अगदीच खोटे नव्हते, पण अर्धेच होते.

शेजारच्या काकांना हे सांगितले तर ते हसले. म्हणाले, "एवढी पुस्तके कशाला वाचलीत? माझा बाप रोप लावले की आठ दिवस त्यावर झावळी ठेवायचा." खरे आहे. आपले वाडवडील ज्या कोकणातून आले तेथे सुपारीच्या बागेत केळी लावतात, ती कोवळ्या सुपारीवर सावली राहावी म्हणूनच. आपल्याकडे आंथुरियमची फुले जाळीच्या छपराखाली वाढवतात. आणि आपण काय करतो? नाताळाच्या सुमारास तेथूनच कुंडी विकत आणतो, शोभेसाठी उघड्या गच्चीवर ठेवतो, आणि पाने पांढरी पडली की विकणाऱ्याला नावे ठेवतो. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या परसातल्या आंब्याची मोठी फांदी मोडली. तिच्या सावलीत वाढलेली कारीपुलेची दोन रोपे वाऱ्यातून सुखरूप वाचली, आणि नंतरच्या आठवड्यात उन्हाने करपली. तेव्हा आम्ही त्याचा दोष खाऱ्या वाऱ्याला दिला होता.

या विषयाचे एक टोक मोठ्या शेतीपर्यंत जाते. पान उष्णतेची वाट उघडते झटपट, पण बंद करते सावकाश. वाक्वा-क्युर्पीपकडच्या पठारावर दिवसभर ढग येतात आणि जातात. ढग आल्यावरही काही मिनिटे पान प्रकाश टाकतच राहते, खरे तर तेव्हा तो हवा असतो. ही वाट लवकर बंद करता आली तर पीक वाढेल का? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात स्टीफन लाँग, नियोगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपात तीन जनुके वाढवून पाहिली. २०१६ मध्ये त्यांनी लिहिले की शेतात रोपांची वाढ सुमारे १५ टक्क्यांनी अधिक झाली. २०२२ मध्ये सोयाबीनचे निकाल आले. एका हंगामात काही वाणांत बियांचे उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढले. पुढच्या हंगामात पीक आडवे पडले आणि फरक तितका स्पष्ट राहिला नाही. दुसरीकडे, २०२० मध्ये मोहरीच्या कुळातल्या त्याच लहान रोपट्यावर असा प्रयोग झाला तेव्हा वाढ उलट कमी झाली. तांदूळ, गव्हाचे पीठ, तेल बाहेरून आणणाऱ्या आपल्या बेटाने या कामाकडे लक्ष ठेवावे असे आम्हाला वाटते. पण उद्या दुप्पट पीक येणार म्हणून आजच टाळ्या वाजवण्याजोगे ते झालेले नाही.

आम्ही आमच्यापुरते वांग्यांवर समाधान मानले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी दुसरी रोपे लावली. या वेळी ती दहा दिवस हळूहळू बाहेर काढली होती: आधी सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, मग दहा वाजेपर्यंत. लावल्यावर वर नारळाच्या झावळ्या टाकल्या, आणि आठवड्याने एकेक झावळी काढली. ओले बोट दाखवणारा तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, एक ओळ तशीच लावू. वऱ्हांड्यातून थेट. नाही तर कळणार कसे?" आम्हाला रोपांची दया आली, पण मुलाचे म्हणणे बरोबर होते. बारा रोपांची एक ओळ न सवयीची, न झावळीची अशी लावली.

झावळीखालची सगळी जगली. उघड्या ओळीतली दहा चार-पाच दिवसांत पांढरी पडली. शेवटची दोन मात्र तशीच हिरवी. मुले म्हणू लागली, प्रयोग फसला. आम्हालाही उत्तर सुचेना. मग दुपारच्या सुट्टीत तो मुलगा जेवण सोडून त्या दोन रोपांपाशी जाऊन बसला आणि थोड्या वेळाने ओरडत आला. टाकीशेजारच्या पपईचे एक मोठे पान अकरापासून दोनपर्यंत बरोबर त्यांच्यावर सावली धरून होते.